किमान आवृत्ती कुठली? भरती-ओहोटी लायब्ररीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही लायब्ररी कोकण किनाऱ्यावरच्या बंदरांसाठी भरती-ओहोटीच्या वेळा काढते. पायथनमध्ये लिहिलेली आहे, मुक्त स्रोत आहे, आणि सांभाळणारे आम्ही चौघे: दोघे रत्नागिरीत, एक मालवणला, एक नोकरीपायी पुण्यात (तो गणपतीला घरी येतो, तेव्हा जुने इश्यू, म्हणजे वापरकर्त्यांनी नोंदवलेल्या तक्रारी, बंद होतात). गणिताबद्दलचे प्रश्न या पानावर नाहीत. ‘तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, मग एवढा कोड कशाला’ हाही नाही. त्याचं उत्तर एवढंच, की पाऊणपट वेळ सांगते, पाणी किती चढणार ते सांगत नाही, आणि धक्क्याला होडी लावणाऱ्याला दोन्ही लागतं. इथे एकाच विषयाची उत्तरं आहेत, कारण तोच सगळ्यांत जास्त विचारला जातो: कुठली जुनी आवृत्ती चालेल, कुठली नाही, आणि हे ठरवतं कोण.

‘किमान आवृत्ती’ म्हणजे नेमकं काय?

ज्या आवृत्तीवर आमच्या सगळ्या चाचण्या रोज चालतात आणि पास होतात, त्यांतली सर्वांत जुनी. तिच्या खालच्या आवृत्तीवर लायब्ररी चालेलही, पण तिथे काही बिघडलं तर आम्ही इश्यू बंद करू. ‘बहुतेक चालेल’ याला आम्ही किमान म्हणत नाही. पूर्वी म्हणायचो, ते अंगाशी आलं. ती गोष्ट खाली आहे.

सध्याचे आकडे काय आहेत?

पायथन ३.१०, नमपाय (आकडेमोडीची लायब्ररी) १.२१, पांडाज (तक्त्यांची लायब्ररी) १.३. पायथन ३.९ आम्ही जून २०२६ च्या आवृत्तीत सोडली.

३.१० ही ३.९ पेक्षा नवी कशी? ३.१ तर लहान झाली ना?

हा दशांश नाही. टिंबाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळे पूर्णांक आहेत, नवानंतर दहा. प्रश्न साधा वाटतो, पण मशीनही इथेच फसतं. सीआयच्या (चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेच्या) यामल फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिलं, तर ते संख्या म्हणून वाचलं जातं, शेवटचं शून्य गळतं आणि यंत्रणा पायथन ३.१ शोधायला निघते. आमच्यातल्या एकाची आख्खी संध्याकाळ यात गेली आहे. अवतरणचिन्हं घाला.

हे आकडे तुम्ही ठरवलेत कसे? मनाला येईल तसे?

सुरुवातीला हो, तसेच. ज्याने पहिल्यांदा पायप्रोजेक्ट फाइल (लायब्ररीला काय काय लागतं त्याची यादी) लिहिली, त्याच्या लॅपटॉपवर जे होतं ते किमान झालं. पुढे कोणी वाढवा म्हटलं की वाद, कमी करा म्हटलं की वाद. मग दोन नियम लिहून काढले.

पहिला पायथनचा. पायथनची ३.९ पासूनची प्रत्येक आवृत्ती साधारण ऑक्टोबरात येते आणि तिला ५ वर्षं पाठिंबा मिळतो. ३.९ ऑक्टोबर २०२० मध्ये आली, ऑक्टोबर २०२५ मध्ये तिचा पाठिंबा संपला. तो संपल्यावर आलेल्या पहिल्या जूनमध्ये आम्ही ती सोडतो. म्हणजे वर सात-आठ महिने सवलत.

दुसरा नियम नमपाय आणि पांडाजचा. नेहमीचा पाठिंबा चालू असलेल्या उबंटू एलटीएस आणि डेबियन स्टेबल या लिनक्स प्रणालींच्या भांडारात (तयार सॉफ्टवेअरच्या साठ्यात) ज्या आवृत्त्या मिळतात, त्यांतली सर्वांत जुनी ती आमची किमान. आज ती उबंटू २२.०४ मधली आहे: पायथन ३.१०, नमपाय १.२१.५, पांडाज १.३.५. २२.०४ चा पाच वर्षांचा नेहमीचा पाठिंबा २०२७ मध्ये संपतो, आणि ३.१० लाही आमच्या पहिल्या नियमाने २०२७ च्या जूनमध्येच निरोप आहे. दोन्ही तारखा जुळल्या, हा योगायोग.

वैज्ञानिक पायथनच्या जगात याहून कडक पद्धत चालते. नमपायच्या लोकांनी ‘नेप २९’ नावाचा ठराव केला: पायथनच्या गेल्या ४२ महिन्यांतल्या आणि नमपायच्या गेल्या २४ महिन्यांतल्या आवृत्त्या सांभाळायच्या. नंतर अनेक प्रकल्पांनी मिळून ‘स्पेक ०’ मान्य केला; त्यात पायथनला ३ वर्षं, मुख्य लायब्रऱ्यांना २ वर्षं. त्यांचं कारण पटण्यासारखं आहे. जुनं सांभाळायला माणसं लागतात आणि ती फुकट राबत असतात. तरी आम्ही तो नियम घेतला नाही, कारण आमचे वापरकर्ते वेगळे. संशोधक दर सहा महिन्यांनी सगळं नवं टाकतो. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यातला संगणक एकदा बसवला की बंद पडेपर्यंत तसाच चालतो. तिथे ‘भांडारात मिळेल ते’ हीच खरी मर्यादा असते, कारण कोपऱ्यातल्या त्या मशीनवर पिप (पायथनच्या लायब्रऱ्या इंटरनेटवरून बसवणारं साधन) चालवणारं कोणी नसतं.

किमान आवृत्ती जूनमध्येच का वाढवता?

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. ट्रॉलर बंदरात उभे, छोट्या होड्या वर ओढून झापांखाली. होड्यांची डागडुजी करायची ती याच सुमारास. आमच्या वेळापत्रकावर अवलंबून समुद्रात जाणारं या दोन महिन्यांत जवळपास कोणी नसतं, तेव्हा काही मोडलं तरी नारळी पौर्णिमेपर्यंत नीट करायला वेळ मिळतो. एकदा हौसेने ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बदल केला होता. हंगामाची सुरुवात, त्यात हे. परत केला नाही.

उलट तक्रारही येते: पावसाळ्यात वीज जाते, इंटरनेट जातं, नेमकं तेव्हाच नवं उतरवायला लावता. बरोबर आहे. म्हणून जूनच्या आवृत्तीची घोषणा आम्ही मार्चमध्ये करतो आणि एप्रिलपासून जुन्या पायथनवर इशारा दाखवायला लागतो.

किमान आवृत्तीवर खरंच चालतं, हे तपासता कसं?

हा या पानावरचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि सर्वांत कमी विचारला जातो.

पिपची सवय अशी, की ‘पांडाज १.३ किंवा पुढची’ असं लिहिलं तर ते मिळेल ती सर्वांत नवी आणतं. विकासकाच्या लॅपटॉपवर नवी, सीआयवर नवी, सगळीकडे हिरवी खूण. १.३ हा आकडा फाइलमध्ये नुसता पडून राहतो, त्याला कोणी हात लावत नाही. आमच्याकडेही तेच होतं.

२०२४ च्या एप्रिलात मी महिन्याच्या तक्त्याचा कोड नीटनेटका केला. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या पांडाज २.२ ने ‘महिनाअखेर’ दाखवणारं ‘एम’ हे अक्षर मोडीत काढायला घेतलं होतं आणि त्याऐवजी ‘एमई’ वापरा असा इशारा दाखवायला लागलं होतं. इशाऱ्यांचा कंटाळा आला म्हणून मी सगळीकडे ‘एमई’ करून टाकलं. चाचण्या पास. आवृत्ती प्रसिद्ध. फाइलमध्ये मात्र अजूनही ‘पांडाज १.३ किंवा पुढची’ असंच.

२.२ च्या आधीच्या पांडाजला ‘एमई’ म्हणजे काय ते माहीतच नाही. मालवणला एका मशीनवर महिन्याचा छापील तक्ता निघतो आणि भिंतीवर चिकटवला जातो. त्या महिन्यात ‘अवैध वारंवारिता’ असा एरर निघाला आणि तक्ता निघाला नाही. तिथले एक तांडेल काका मला म्हणाले, “नवीन घातलंस तां ठीक, पण जुनां कित्याक मोडलंस?” मी त्यांना पांडाजचा इतिहास सांगायच्या फंदात पडलो नाही.

त्यानंतर सीआयमध्ये एक वेगळं काम लावलं. यूव्ही या पिपसारख्याच साधनात ‘लोएस्ट-डायरेक्ट’ नावाचा पर्याय आहे; तो आपण थेट मागितलेल्या प्रत्येक लायब्ररीची परवानगी असलेली सर्वांत जुनी आवृत्ती बसवतो. पायथन ३.१० वर हे सगळं जुनं बसवून सर्व चाचण्या चालतात. हे काम लाल झालं तर पुल रिक्वेस्ट (कोडमधल्या बदलाचा प्रस्ताव) विलीन होत नाही, मग ती कोणाचीही असो. थेट मागितलेल्या लायब्रऱ्यांच्याही पोटातल्या डिपेंडन्सी (त्यांना लागणाऱ्या लायब्रऱ्या) खाली खेचणारा ‘लोएस्ट’ हा पर्यायही आहे. तो आम्ही दोन दिवस वापरून सोडून दिला, कारण भलत्याच लोकांनी भलत्याच काळी लिहिलेल्या सैल मर्यादांचं ओझं आपल्या डोक्यावर येतं.

यूव्ही नको असेल तर पिपला निर्बंधांची एक साधी फाइल देऊनही हेच होतं. फक्त पायप्रोजेक्टमधले आकडे आणि या फाइलमधले आकडे जुळलेले ठेवायचं काम माणसावर पडतं, आणि माणूस ते विसरतो.

पायथन ३.१२ वर नमपाय १.२१ टाकून पाहिलं, बसतच नाही. मग तुमचं किमान खोटं का?

खोटं नाही, पण तुमचा मुद्दा रास्त आहे. नमपायची प्रत्येक आवृत्ती त्या काळी असलेल्या पायथनसाठीच तयार करून ठेवलेली असते. पायथन ३.११ साठी तयार व्हील (आधीच बांधून ठेवलेली पॅकेजं) १.२३.२ पासून मिळतात, ३.१२ साठी १.२६ पासून, ३.१३ साठी २.१ पासून. ३.१२ वर १.२१ मागितलं की पिप मूळ कोड आणून तिथेच बांधायला बसतं, आणि ३.१२ मधून ‘डिस्टयूटिल्स’ काढून टाकलेलं असल्यामुळे आपटतं.

म्हणजे ‘किमान’ हा एक आकडा नसून जोडी आहे: या पायथनसोबत ही नमपाय. अशा जोड्यांचं कोष्टक फाइलमध्ये अटींसह लिहिता येतं. आम्ही लिहिलेलं नाही. ते वाचायला भयंकर दिसतं, आणि नेहमीच्या इन्स्टॉलमध्ये पिप योग्य तेच निवडतं. सर्वांत जुन्याची चाचणी फक्त सर्वांत जुन्या पायथनवर करायची, एवढं पाळलं की झालं.

माझं मशीन जुनं आहे. तुम्ही किमान वाढवलंत तर माझं चालतं काम बंद पडेल का?

नाही. आम्ही प्रत्येक आवृत्तीवर ‘रिक्वायर्स-पायथन’ ची चिठ्ठी लावतो. नोव्हेंबर २०१६ मधल्या पिप ९ पासून पिप ती चिठ्ठी वाचतं आणि तुमच्या पायथनला चालणारी आमची शेवटची आवृत्ती आणतं. तुम्हाला नवं मिळणार नाही, पण मोडकंही मिळणार नाही.

यात चूक आमच्याकडून होऊ शकते: कोड नवा आणि चिठ्ठी किंवा लायब्ररीची अट जुनी. तसं झालं तर ती आवृत्ती पायपीआयवर (पिप जिथून लायब्रऱ्या आणतं त्या साठ्यावर) ‘यँक’ करतो. मग पिप ती आपणहून निवडत नाही; ज्याने नेमकी तीच मागितली असेल त्याला मात्र मिळते. एकदा केलं आहे. ती ‘एमई’ वालीच.

आमच्या ऑफिसात विंडोज ७ आहे.

पायथन ३.८ ही विंडोज ७ वर चालणारी शेवटची आवृत्ती, ३.९ पासून तिथे बसत नाही. तेव्हा तुम्हाला आमची ३.८ वाली शेवटची आवृत्ती मिळेल आणि ती कायम तशीच राहील.

पण घाबरू नका. भरतीचं गणित पायथनच्या वयावर चालत नाही. चंद्रामुळे येणारी मुख्य भरती १२.४२ तासांनी येते, ती जुन्या विंडोजवरही तेवढ्यानेच येते. जुनं होतं ते बंदरांचे स्थिरांक, म्हणजे प्रत्येक बंदराच्या भरतीचे मोजून काढलेले आकडे. गाळ साचतो, धक्का वाढतो, नव्या मोजण्या होतात. म्हणून स्थिरांकांचं पॅकेज आम्ही कोडपासून वेगळं काढलं आहे. त्यात निव्वळ मजकुराच्या फाइली आहेत, नमपायही लागत नाही आणि पायथनची अट अगदी खालची आहे. कोड गोठला तरी आकडे ताजे घेता येतात. या वेगळेपणाचा सुरुवातीला मीच कंटाळा केला होता. आता वाटतं, किमान आवृत्तीवरचे आमचे अर्धे वाद या एका निर्णयाने मिटले.

(हे मशीन इंटरनेटला जोडू नका, हे सांगणं माझं काम नाही, पण जोडू नका.)

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर पिप ‘हे वातावरण बाहेरून सांभाळलं जातं’ असं म्हणून नकार देतं.

डेबियन १२ पासून असंच आहे आणि रास्पबेरी पाय ओएस डेबियनवर उभी आहे. यंत्रणेच्या पायथनमध्ये पिपने ढवळाढवळ करू नये म्हणून हा अडसर आहे. जबरदस्तीने पुढे जाण्याचा पर्याय एररमध्येच दिलेला असतो. तो घेऊ नका.

व्हर्च्युअल एनव्हायर्नमेंट (लायब्रऱ्यांसाठी वेगळी जागा) बनवा, आणि बनवताना ‘सिस्टिम-साइट-पॅकेजेस’ हा पर्याय चालू ठेवा. मग डेबियन १२ च्या भांडारातून बसवलेलं नमपाय १.२४ आणि पांडाज १.५ आतही दिसतं, आणि पिपला फक्त आमची लहानशी लायब्ररी उतरवावी लागते. किमान आकडे खाली ठेवण्याचा खरा फायदा इथे दिसतो. किमान पांडाज २.२ असती, तर तेवढ्यासाठी नवं पांडाज आणि नमपाय मिळून कित्येक एमबी उतरवावे लागले असते, आणि हर्णैच्या धक्क्यावर जुलैत मोबाइलच्या एका काडीवर ते करून बघा.

मला नव्या आवृत्तीतलं एक फंक्शन वापरायचंय. त्यासाठी किमान वाढवाल का?

एका फंक्शनसाठी नाही. आधी सुसंगतीच्या फाइलमध्ये (जुन्या-नव्या आवृत्त्यांतले फरक झाकणारा कोड तिथे असतो) जागा आहे का बघा. उदाहरणार्थ, वक्राखालचं क्षेत्रफळ काढणाऱ्या फंक्शनला नमपाय २.० ने ‘ट्रॅपझॉइड’ हे नाव दिलं आणि जुनं ‘ट्रॅप्झ’ मोडीत काढायला घेतलं. आम्ही त्या फाइलमध्ये तीन ओळी लिहिल्या: नवं नाव असेल तर ते घे, नसेल तर जुनं. बाकी कोडला काही कळतही नाही.

माझा अंदाजपंचे नियम असा: पर्यायी कोड दहा-पंधरा ओळींत बसत असेल तर लिहा, आणि वर टिप्पणी टाका की कुठली किमान आली की हे काढायचं. पन्नास ओळी लागत असतील तर थांबा, जून फार लांब नसतो. दर जूनमध्ये ही फाइल उघडून जुन्या ओळी काढणं हा आमच्याकडचा सर्वांत आनंदाचा कार्यक्रम आहे. पुण्याचा गडी त्यासाठी रजा टाकून येतो. आंबे संपायच्या आत यायचं, हे खरं कारण असावं.

जुन्या आवृत्तीत सुरक्षेचं भोक असेल तर? तेव्हा तरी किमान वाढवायला नको का?

सहसा नको, आणि कारण थोडं उलटं आहे. डेबियन आणि उबंटू सुरक्षेची दुरुस्ती जुन्या आवृत्तीतच आणून लावतात. मुख्य आकडा तोच राहतो, आतला कोड दुरुस्त झालेला असतो. आकडा पाहून आम्ही तिला नाकारलं, तर नीट डागडुजी केलेली होडी केवळ नोंदणीचं साल जुनं म्हणून बंदरातून हाकलल्यासारखं होईल. आमचा कोड नेमका त्या भोकातून जात असेल, तर मात्र जूनची वाट बघणार नाही.

आणि ‘नवं म्हणजे सुरक्षित’ हेही गृहीत धरू नका. एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या साधनात चोरदरवाजा घातला गेला तो ५.६.० आणि ५.६.१ या त्या वेळच्या सर्वांत नव्या आवृत्त्यांत. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी तो उघड केला. एसएसएचने (दुरून दुसऱ्या संगणकात शिरताना) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, या खटकण्यावरून. डेबियन स्टेबलवर तेव्हा जुनीच आवृत्ती होती, आणि ते वाचले.

किमान आहे, मग कमाल का लिहीत नाही? उद्याची पांडाज तुमचं मोडणार नाही कशावरून?

मोडेलही. पण लायब्ररीने कमाल लिहिली की तिचा त्रास दुसऱ्यालाच होतो. आम्ही ‘३ च्या आतली’ म्हटलं, दुसऱ्या कुणी ‘३ च्या पुढची’ म्हटलं, तर दोन्ही वापरणारा बिचारा मधे अडकतो. पायथनला कमाल लावणं तर आणखी वाईट: नव्या पायथनवर पिप मागे मागे जातं आणि ज्या पुराण्या आवृत्तीत कमाल लिहिलेली नव्हती ती शोधून बसवतं. म्हणजे मोडेल म्हणून अडवायला गेलो आणि नक्की मोडणारंच दिलं.

जून २०२४ मध्ये नमपाय २.० आलं तेव्हा अनेक प्रकल्पांनी ‘२ च्या आतली’ अशी तात्पुरती अट घातली होती. ज्यांचा कोड नमपायच्या सी भाषेतल्या पातळीला जोडून बांधलेला होता, त्यांना ते करणं भाग होतं. आमचा सगळा कोड निव्वळ पायथन, त्यामुळे आम्ही फक्त पाण्याची पातळी बघत किनाऱ्यावर बसलो. दोन ठिकाणी गळती निघाली, आठवड्यात बुजवली.

हे लायब्ररीबद्दल झालं. तुमचं स्वतःचं अॅप असेल तर प्रत्येक आवृत्ती खुशाल लॉक फाइलमध्ये घट्ट बांधा. बांधायलाच हवी.

किमान वाढवणं हा मोडणारा बदल मानता का? मग आवृत्तीचा पहिला आकडा का वाढत नाही?

पहिला आकडा वाढवत नाही, मधला वाढवतो. वर सांगितल्याप्रमाणे जुन्या पायथनवाल्याला पिप आपोआप जुनी आवृत्ती देतं, कोणाचं चालतं काम अचानक थांबत नाही. दुरुस्तीच्या आवृत्तीत, म्हणजे शेवटचा आकडा बदलतो तेव्हा, किमान कधीही वाढवत नाही.

गो आणि रस्ट या भाषांत ही कटकट नाही म्हणतात.

गोमध्ये गंमत आहे. तिथे सगळ्यांच्या मागण्या भागवणारी सर्वांत जुनी आवृत्तीच निवडली जाते, म्हणजे लिहिलेलं किमान रोज वापरात येतं आणि खोटं असेल तर लगेच उघडं पडतं. पिपकडे बघून हेवा वाटतो. रस्टमध्ये कार्गोच्या (तिथल्या पिपच्या) फाइलीत रस्टची किमान आवृत्ती लिहायची सोय १.५६ पासून, म्हणजे २०२१ पासून आहे. ती किती खाली ठेवावी यावर त्यांच्याकडेही आपल्यासारखेच वाद.

किमान वाढवणारी पुल रिक्वेस्ट मी पाठवू शकतो का?

पाठवा, मार्च ते मे दरम्यान. चार ठिकाणी बदल हवा: पायप्रोजेक्ट, सीआयची यामल, चेंजलॉग (बदलांची नोंद) आणि या पानावरचा दुसरा प्रश्न. शेवटचा सगळे विसरतात. ३.१० ला अवतरणचिन्हं.